पिवळा दिवा आणि बायकोचा डावा पाय

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं मीटर सांभाळतोय. दाबाचे, तापमानाचे, पातळीचे. आम्हा मीटरवाल्यांचं प्लांट चालवणाऱ्यांशी जुनं भांडण आहे. रिअ‍ॅक्टर तापला की त्यांचा फोन येणार, "तुमचं मीटर चुकीचं दाखवतंय." मग मी शिडी चढून वर जाणार, मीटर तपासणार आणि खाली येऊन सांगणार की मीटर बरोबर आहे, तुमचा माल तापलाय. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की कँटीनमध्ये माझी नक्कल करतात. म्हणूनच पुढची हकिगत सांगताना मला लाज वाटते.

माझी बायको परिचारिका आहे. पालघरपासून आत, डोंगराच्या अंगाला एक आरोग्य उपकेंद्र आहे, तिथे ती काम करते. आम्ही बोईसरला राहतो. तिथून ती एसटीने जायची, पुढे टमटम, आणि लांबच्या पाड्यांना खांद्याला लशींचा डबा अडकवून पायी. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने मनावर घेतलं आणि गाडी चालवायला शिकली. जुनी गाडी मी शोधली. दोन महिने हिंडलो, चार गाड्या नाकारल्या, इंजिनाला कान लावून ऐकलं, आणि आणल्यावर शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. ती पहिल्यांदा गाडी घेऊन पाड्यावर गेली तेव्हा बायका झोपड्यांतून बाहेर येऊन बघत होत्या, नर्सबाई स्वतः चालवत आल्या म्हणून. हे तिने घरी आल्यावर मला तीनदा सांगितलं.

पाऊस सरल्यावर एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, मीटरमध्ये पिवळा दिवा लागलाय. शेतातल्या पाण्याच्या मोटरीसारखं काहीतरी चित्र आहे."

ते इंजिनाचं चित्र होतं. मी ओळखलं.

"आणि चढावर थांबून परत उठताना गाडीला धाप लागते," ती म्हणाली.

"धाप माणसाला लागते."

"मला कळते धाप. रोज ऐकते मी."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी काडेपेटीएवढं एक यंत्र मागवलं. स्टिअरिंगखालच्या खाचेत ते खोचलं की गाडीची तक्रार फोनवर दिसते. तक्रार अशी होती: इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही गोष्ट गाडीला कशी कळते ते मला ठाऊक होतं, आणि खरं तर तेव्हाच मी गाडीला हात जोडायला हवे होते. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत बोटाएवढा सेन्सर असतो. जळून गेलेल्या धुरात किती प्राणवायू उरला ते तो सतत बघत असतो आणि त्यावरून आत काय बिघडलंय ते सांगतो. राखेवरून चुलीत काय जळलं ते ओळखावं, तसं.

पण मी काय म्हणालो? "सेन्सर खराब आहे."

मी, सव्वीस वर्षांचा मीटरवाला. कारण सरळ होतं. सेन्सर खरा मानला तर गाडीत खोट निघत होती, आणि गाडी मी निवडली होती. मी नवा सेन्सर बसवला, तक्रार पुसली, दिवा विझला आणि मी घरात दोन दिवस मिशीवर हात फिरवत हिंडलो. आठव्या दिवशी दिवा परत लागला. मी परत पुसला. एका रविवारी एकट्यानेच गाडी पालघरपर्यंत पळवून आणली. सपाट रस्ता, चांगला वेग, काही कुरकुर नाही. घरी येऊन मी निकाल दिला, "गाडीत काही नाही. तुला क्लच सोडता येत नाही."

ती उठून भांडी आवरायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात उपकेंद्राच्या अलीकडच्या चढावर, वळणापाशी, समोर गुरं आली म्हणून ती थांबली. उठताना गाडी थरथरली आणि बंद पडली. मागे दगड भरलेला डंपर होता. तिने ब्रेक दाबेपर्यंत गाडी हातभर मागे सरकली. डंपरवाला खाली उतरून नको ते बोलला. हे सगळं तिने मला जेवताना, भाजी वाढता वाढता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. मला नाही जमत."

किल्ली तिने दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. सोमवारपासून पुन्हा एसटी. गुरुवारी टेबलावर बदलीचा अर्ज दिसला, पालघरच्या कार्यालयात बसून करायचं काम मागणारा. तिची सही झाली होती, तारीख राहिली होती. ज्या बाईला पाड्यावरच्या प्रत्येक पोराचं वजन तोंडपाठ होतं, ती फायली लावायला निघाली होती. 

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी कुंभवलीला गेलो. तिथे कारखान्यांच्या कुंपणाला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये एक मेकॅनिक बसतो. माझ्याच वयाचा, माकुणसार गावाकडचा, बोलायला सावकाश. मी त्याला सेन्सरपासून सगळं सांगितलं, फोनवरची तक्रार दाखवली. त्याने ती नीट वाचली आणि विचारलं, "गाडी कोन चालवतं?"

"बायको."

"मंग तिला आना. तुमी नका सांगू."

"अहो, पण मी यातलाच आहे."

"तुमी आसाल. गाडी तुमाला वलखत नाय." त्याने बॉनेटला हातसुद्धा लावला नाही.

घरी मी तिची मनधरणी केली. शनिवारी ती आली, पण नाइलाजाने, किल्ली माझ्याच हातात ठेवून. मेकॅनिकने तिला स्टूल दिलं आणि विचारत गेला. सकाळी कशी चालू होते? थांबल्यावर थरथरते का? वेगात असताना? उतारावर? ती सांगत गेली. नुसती उभी असताना काही नाही. वेगातही नाही. चढावर उठताना आधी एक क्षण श्वास अडकतो, मग धाप, मग जोर. पहिला गिअर टाकताना नाही, क्लच सोडायला लागलं की. दर वेळी तिथेच. दमेकऱ्याची हकिगत विचारणारी माझी बायको स्वतः हकिगत सांगत होती, आणि तीही अगदी नेमकी. आमच्या कारखान्यात बिघाडाची अशी नोंद मी कधी वाचलेली नाही.

"बसा ताई गाडीत," मेकॅनिक म्हणाला.

"मी? हे बसतील."

"नाय, तुमीच."

त्याने चारी चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढायला सांगितला, बॉनेट उघडलं. पेट्रोलचा वास येत नाही ना, ते वाकून वाकून पाहिलं. मग शेडमधल्या देवाच्या फोटोपुढची पेटती उदबत्ती उचलून आणली. मला वाटलं आता पूजा करतोय की काय. त्याने ती इंजिनाच्या एका रबरी नळीजवळ धरली. इंजिन चालू होतं, तरी धूर सरळ वर जात होता.

"आता पयला गिअर टाका. क्लच हळू सोडा, गाडी उठायला लागंल तिथंच पाय धरा. उजवा पाय ब्रेकवर राहू द्या."

इंजिन किंचित कलंडलं, कुशीवर वळल्यासारखं. आणि धूर वाकला. वर जाणारा तो निळसर धागा मधेच मोडला, आडवा झाला आणि नळीच्या खालच्या वळणात, जिथे मला काहीच दिसत नव्हतं, तिथे सरळ आत शिरला. इंजिन कापायला लागलं. मेकॅनिकने अंगठ्याने ती जागा दाबली. कापरं थांबलं. अंगठा काढला, परत कापरं.  नखाएवढी चीर होती. इंजिन नुसतं चालू असताना मिटलेली, आणि चढावर जोर लागला की उघडणारी. तिथून हवा चोरून आत जात होती. ती चिमूटभर हवा त्या बोटाएवढ्या सेन्सरला कळली होती. आणि त्याच्याइतकीच माझ्या बायकोला, गाडीत बसल्या बसल्या, कसलंही यंत्र न लावता.

"आनखी एकदा धरा ताई," मेकॅनिक म्हणाला. तिने परत पाय नेमका तिथेच आणून थांबवला. धूर परत वाकला. मेकॅनिक माझ्याकडे वळला, "बगितला पाय? केसाएवडा हालला नाय. आसा क्लच धरनारं मानूस रोज नाय भेटत."

त्याला काय माहीत मी काय बोललो होतो. काचेतून ती माझ्याकडे बघत होती. मी उदबत्तीकडे बघत राहिलो.

नळी बदलून झाली. तक्रार पुसायला मी यंत्र काढलं तर त्याने हात आडवा केला. "ऱ्हाऊ द्या. ज्यानं दिवा लावला, त्यालाच विजवू दे. चार दिस चालवा. त्याची खातरी झाली की विजंल."

परतीच्या वाटेवर गाडी मीच चालवत होतो. ती बाहेर बघत होती. फाटकापाशी थांबल्यावर मी म्हणालो, "माझं चुकलं. गाडीच्या बाबतीतही आणि तुझ्या बाबतीतही."

"इंजिन चालू होतं," ती म्हणाली. "ऐकू नाही आलं."

मी इंजिन बंद केलं आणि परत म्हणालो. तिने मान हलवली, पण घरी गेल्यावर किल्ली घेतली नाही. मी ती खिळ्याला अडकवली. रविवार गेला. अर्ज तिथेच होता, वर मिठाची बरणी ठेवलेली.

सोमवारी मी पहिल्या पाळीला जायला उठलो तेव्हा घर शांत होतं. खिळा रिकामा होता.

मला विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. गुरुवारी दुपारी कारखान्यात फोन आला. मागून पोरांच्या रडण्याचा कालवा ऐकू येत होता, म्हणजे लसीकरण चालू होतं.

"विझला," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्याच वळणावर. मुद्दाम थांबले होते, मागे कुणी नव्हतं. बंद करून परत चालू केली, आणि बघते तर दिवा नाही." मग जरा थांबून, "आणि ऐका, मिठाच्या बरणीखालचा तो कागद फाडून टाका. मला यायला उशीर होईल, लांबच्या पाड्यावर जायचंय."