उजवी शेंग, डावी शेंग

मुरुडशेंग ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी सांगते. बोटाएवढी असते, वाळली की काळपट तपकिरी, आणि दोरीला पीळ द्यावा तशी स्वतःच स्वतःभोवती पिळलेली. आमच्याकडे अकोटच्या वर, सातपुड्याच्या रानात तिची झुडपं कुठंही उगवतात. पोटात मुरडा आला की ती सहाणेवर उगाळून द्यायची. पिळवटलेल्या पोटाला पिळाची शेंग, असा साधा हिशेब. माझी सासू म्हणायची, ती आतडीच आहे, देवानं झाडाला लावलेली.

जयपूरला आले तेव्हा माझी मुलगी अंगावर पिणारी, मान नुकती धरलेली. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली होती. क्वार्टर मिळेपर्यंत जगतपुऱ्याला स्टेशनापासून जवळच एका घरात खालची खोली घेतली. वर घरमालकीण राहायची. आजूबाजूला अर्ध्या बांधलेल्या इमारती, रेतीचे ढीग, आणि उन्हाळ्यात दार उघडलं की तोंडावर भट्टी उघडल्यासारखी लू. नवरा रुळांच्या कामावर, कधी दोन-दोन दिवस बाहेर. मी आठवीतून शाळा सोडलेली. हिंदी समजायची, पण बोलताना आधी मनात मराठी मांडायची, मग एकेक शब्द बदलायची. तोवर समोरचा निघून गेलेला असायचा.

सामानात सासूनं बाळघुटीचं गाठोडं दिलं होतं. वेखंड, हळकुंड, हिरडा, जायफळ, आणि मुरुडशेंगांची जोडी. जोडी अशासाठी की काही शेंगांचा पीळ उजवा असतो, काहींचा डावा. रोजच्या घुटीत दोन्ही उगाळायच्या. पण लेकराला जुलाब लागले तर पोट बांधणारी एकटी द्यायची, आणि पोट फुगून गच्च झालं तर सोडणारी एकटी. एवढं सगळ्यांना ठाऊक. बांधणारी कोणती, इथं मात्र घोळ. सासूच्या घरी उजवी बांधायची. माझ्या आईच्या घरी डावी.

लग्न होईपर्यंत मला हे माहीतच नव्हतं. गावात होते तोवर अडलंही नाही, कारण घुटी सासू उगाळायची आणि मी फक्त लेकराचे पाय धरायची. जयपूरला सहाण माझ्या हाती आली.

त्या उन्हाळ्यात नवरा कामावर बाहेर असताना मुलीचं पोट बिघडलं. सकाळपासून हिरवट पाण्यासारखं होत होतं. मी तिला कडेवर घेऊन स्टेशनाजवळच्या एसटीडीवर गेले आणि गावातल्या दुकानात फोन लावून सासूला बोलावून घेतलं.

"काऊन रडते वो पोरगी?" तिनं आधी तेच विचारलं.

"जुलाब होऊन राहिले तिले. कोणती देऊ?"

"तुले किती खेप सांगतलं. उजवी दे. उजव्या हातानं दे, आन् घाबरू नको. तू घाबरली का दूध आटते."

हे ऐकून मी आणखी घाबरले. बूथवाल्या भैयाला म्हटलं, आणखी एक फोन लावायचाय. आईला लावला.

आई म्हणाली, "उजवी? कोणं सांगतलं तुले? तुह्या सासूनं? तिले काय समजते. तिच्या घरी तर मिठाचाही अंदाज नाही. डावी दे, माय."

घरी येऊन दोन्ही शेंगा समोर ठेवल्या. आता खरा प्रश्न सुरू झाला, की यातली उजवी कुठली? गावात सासू नुसतं पाहून सांगायची. मी एक शेंग देठ वर करून धरली, तर पीळ वर जाताना उजवीकडे वळत होता. पण तोच पीळ वरून खाली पाहत आलं की डावीकडे येत होता. शेंग उलटी करून पाहिली, तरी तेच. दुसरी घेतली, तिचं नेमकं याच्या उलट. मतलब दोन्ही वेगळ्या होत्या यात शंका नव्हती, फक्त नाव कुणाला कुठलं द्यायचं ते कळेना. झाड जमिनीतून वर येतं म्हणून वर जाताना पाहायचं, की औषध तोंडातून खाली उतरतं म्हणून खाली येताना? तेव्हा वाटलं, शिकले असते तर कुठल्या तरी पुस्तकात पाहिलं असतं. पुढं मुलगी मोठी झाल्यावर तिनं शाळेच्या वाचनालयात शोधून पाहिलं. शेंगेचा फोटो सापडला, पोटाच्या विकारांवर वापरतात एवढंही सापडलं. उजव्या-डाव्याचं काही नव्हतं.

शेवटी सासूची उजवी म्हणून एक उगाळली आणि मुलीला चाटवली. दुपारी जुलाब थोडे थांबल्यासारखे झाले. मी मनात सासूचे पाय धरले. संध्याकाळी पुन्हा सुरू. मग आईची डावी म्हणून दुसरी उगाळली. त्यानंतर ती झोपली, म्हणून मला वाटलं आईचंच खरं. सकाळी उठले तर लेकरू ओल्या फडक्यासारखं मांडीवर पडलेलं. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नाही. आता कुठली द्यायची? जिनं बिघडलं तिच्या उलट पिळाची द्यायची तर बिघडलं कुठलीनं तेच कळत नव्हतं. दोन्ही शेंगा हातात घेऊन मी दारात नुसती बसून राहिले.

घरमालकीण जिन्यावरून उतरत होती. ती मला बींदणी म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडे सून. एरवी जिन्यावर ओले कपडे टाकले म्हणून बोलणारी बाई.

"क्या हुआ, बींदणी? हाथ में क्या है, पेंच?"

तिला ते स्क्रू वाटले. मी सांगायला लागले. उजवी, डावी, सासू, आई. माझ्या हिंदीत ते सगळं आणखीच गुंतलं. तिनं अर्ध्यातच मुलीला माझ्याकडून उचललं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, हळूहळू बसली. अंगातलं पाणी आटल्याची ती खूण, हे मला नंतर कळलं.

"सास को बाद में फोन करना," ती म्हणाली. "चप्पल पहन."

मी चप्पल घातली. शेंगा पदराच्या टोकाला बांधल्या, त्या कशाला घेतल्या ते आजही सांगता येणार नाही. तिनं गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबवला, ऑटोवाल्याशी भाड्यावरून भांडायलाही थांबली नाही. सरकारी दवाखान्यात ओळ मोठी होती. ती ओळ तोडून पुढं गेली, आणि एक माणूस बोलायला लागला तेव्हा त्याला म्हणाली, "भाईसाहब, आपके घर में भी बच्चा होगा." तो मागं सरकला.

डॉक्टरीण माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. तिनं मुलीचे डोळे पाहिले, टाळू चाचपली, आणि विचारलं, "सुबह से पेशाब किया?"

जुलाबाच्या फडक्यांत काय वेगळं ओळखणार? मी घरमालकिणीकडे पाहिलं, जणू तिला माहीत असणार.

"क्या-क्या दिया है?"

मी पदराची गाठ सोडली. डॉक्टरिणीनं शेंग हातात घेतली, बोटांत फिरवली. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मेरी नानी के पास भी थी यह. मरोड़फली." मग विचारलं, "किस पानी में घिसती हो?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. टाकीचं पाणी, मी म्हटलं. टाकी टँकरनं भरायची, उन्हाळ्यात तर तीन-तीन दिवसांचं पाणी त्यात असायचं. प्यायचं पाणी मी उकळायची, नवऱ्याचा तसा हुकूमच होता. पण घुटीचं नाही. उकळलेल्या पाण्यात औषधाचा गुण उतरत नाही. शेंगेवरून एकमेकींना नावं ठेवणाऱ्या सासूचं आणि आईचं या एका गोष्टीवर एकमत होतं.

गावी विहिरीचं पाणी होतं, आणि तिथं कितीतरी लेकरं त्याच घुटीवर वाढली. मग इथं टाकीच्या पाण्यानंच झालं म्हणायचं का? डॉक्टरीणही तसं म्हणाली नाही. पाण्यानं असेल, नसेलही, म्हणाली, या गर्मीत अशी लेकरं रोज येतात. शेंगेला ती वाईट म्हणत नाही, पण सध्या हिला घुटी नको, शेंग नको, नुसतं दूध आणि हे. तिनं जलसंजीवनीची पुडी दिली. नर्सनं उकळून निववलेल्या पाण्यात ती कालवली, वाटी-चमचा हातात दिला.

"थोड़ा-थोड़ा. उलटी करे तो रुककर फिर. पेशाब करे तो मुझे बताना. नहीं किया तो सुई लगाकर भर्ती करेंगे."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी एक चमचा द्यायची आणि फडकं चाचपायची. कोरडं. अंगाला लावलं, तिनं दोन घोट ओढले आणि सोडून दिलं. परत चमचा. घरमालकीण शेजारी बसून पदरानं वारा घालत होती. मध्येच तिनं विचारलं, "तेरी सास अच्छी है?"

"अच्छी है," मी म्हटलं.

"और माँ?"

"वो भी."

"तो फिर दिक्कत क्या है," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. मला यात हसण्यासारखं काही दिसेना. पण ती हसते आहे म्हणजे लेकरू इतकं वाईट नसेल, एवढा धीर मी त्यातून घेतला. ही बाई माझी कोण, माझ्याशी कपड्यांवरून भांडणारी, आज स्वयंपाक टाकून इथं का बसली आहे, हेही मला कळत नव्हतं. नुसती अधूनमधून तिच्याकडे पाहायची.

वाटी संपली. नर्सनं दुसरी दिली. ऊन बाकापर्यंत आलं तशी आम्ही सरकलो. मुलीनं एकदा उलटी केली. मी थांबले, मग पुन्हा चमचा लावला. तिनं या वेळी तो हिरड्यांत धरला आणि सोडेना. मी चमचा ओढत होते, ती धरून होती, आणि तेवढ्यात मांडीवर काहीतरी गरम पसरलं. पहिल्यांदा मला समजलंच नाही. वाटी सांडली असं वाटलं, म्हणून वाटीत पाहिलं. वाटी होती तशी होती. फडकं भिजलं होतं, लुगडं भिजलं होतं, बाकावरून खाली थेंब पडत होते.

मी उठून उभी राहिले. पुसावं की दाखवावं ते सुचेना, म्हणून तशीच ओल्या लुगड्यानं, लेकराला पुढं धरून, दाराशी गेले. आत डॉक्टरीण दुसऱ्या कुणाच्या मुलाचं पोट दाबून पाहत होती. तिनं माझ्या लुगड्याकडे एकदा पाहिलं.

"बढ़िया," ती म्हणाली. "पिलाती रहो."

मी बाकावर येऊन बसले. घरमालकिणीनं वाटी पुढं केली.