न थरथरणारं इंजिन

मालवण बंदरावरचा आमचा मिस्त्री चालत्या इंजिनावर चहाचा ग्लास ठेवायचा. चहा किती हलतो ते बघून बोटीच्या इंजिनाचं दुखणं सांगायचा, आणि दर वाक्यामागे विचारायचा, "समाजला?" मग तोच चहा पिऊन टाकायचा.

गोव्यात घेतलेली जुनी जपानी गाडी मी त्याच्याकडे नेली. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हते, आत तिकोनी लोखंड गरगरायचं. त्याला हवा पुरवणारे पाइप मिस्त्रीने स्वतः नवे बनवले. इंजिन हळू फिरताना ते लांब राहायचे, वेग वाढला की सरकून आखूड व्हायचे. आखूड झाले की आवाज मोकळा व्हायचा आणि फेऱ्यांचा काटा डायलवरच्या लाल रेघेकडे धावायचा. मी खूश झालो. मिस्त्री मात्र इंजिनावर ठेवलेल्या ग्लासाकडे बघत होता. चहा हललाच नाही.

"होडीचा इंजिन मरूच्या आधी थरथरता," तो म्हणाला. "ह्या सांगूचा नाय."

या वेळी त्याने "समाजला?" असं विचारलं नाही. चहाही तसाच राहिला.

मिस्त्रीला शेजारी बसवून आचऱ्याच्या रस्त्यावर मी गाडी दामटली. पाइप आखूड झाले, पण बसल्या जागी काही जाणवेना. काटा लाल रेघेला टेकला, तेव्हा मी शेजारी बघितलं. भर समुद्रात बंद पडलेल्या इंजिनात हात घालणारा हा माणूस डोळे मिटून बसला होता आणि त्याची बोटं गाडी बंद करायच्या किल्लीवर होती.

मी पाय उचलला. तरी मालवण येईपर्यंत ती बोटं तिथून हलली नाहीत.