उजव्या हाताचे डाग

घडीमास्तरांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नाही. त्यांची लॉन्ड्री होती. टेबलक्लॉथची घडी ते अशी घालत, की दोन टोकं धरून एकदा झटकलं की कापड टेबलावर सरळ बसावं. ओढाताण नको. त्यावरून कोणीतरी मास्तर म्हणालं आणि ते चिकटलं. मग बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. ती मागच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसायची आणि उसवलेले काठ शिवायची.

लॉन्ड्रीचं मोठं गिऱ्हाईक एकच. टेकडीच्या रस्त्यावरचं इटालियन रेस्तराँ. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची गाठोडी मागच्या दाराने निघत आणि मास्तरांच्या दुकानात येऊन पडत. एकोणीस वर्षं. या एकोणीस वर्षांत मास्तर पुढच्या दाराने कधी आत गेले नव्हते.

पण आत काय शिजतं ते त्यांना पाठ होतं. डागांवरून. लाल म्हणजे टोमॅटो. थंड पाणी आणि साबण. हिरवा तेलकट, त्यावर आधी पावडर टाकून तेल ओढून घ्यायचं. जांभळा वाइनचा. शुक्रवारच्या गाठोड्यात एक काळा असायचा. तो कशाचा हे कळायला चार वर्षं लागली. शेवटी गाठोडी आणणाऱ्या ड्रायव्हरने सांगितलं, एका समुद्री प्राण्याची शाई असते, ती घालतात जेवणात. मास्तर दोन दिवस दुसरं काही बोलले नाहीत.

त्यांचं एक मत होतं. भानावर असलेला माणूस सांडत नाही. जेवणात बुडालेला सांडतो. बहुतेक डाग ताटाच्या उजव्या बाजूला पडत. खाणाऱ्याचा उजवा हात. यात त्यांना सगळं दिसायचं.

“अगं, हे बघ. सात टेबलक्लॉथ लाल. काय जेवले असतील लोक!”

“नाहीतर टेबलं डुगडुगत असतील,” बाई दोरा तोडत म्हणायची.

“तुला एकदा नेतो तिथे. मग बोल.”

हे एकोणीस वर्षं चाललं होतं. बाईला खोटं ‘छान’ म्हणता येत नसे. सख्ख्या बहिणीकडे जेवून दारातच “आमटी आळणी होती” असं सांगून आली होती ती. म्हणून मास्तरांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. ज्या जेवणाचे डाग काढण्यात आपलं आयुष्य गेलं, ते जेवण छान आहे, एवढंच.

लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा लेकीने फोनवरून टेबल ठरवून दिलं. रविवार, दुपारचा एक. पैसे मीच देणार, असं मास्तरांनी तिला दोनदा बजावलं. शर्टाला स्वतः खळ केली. कॉलर इतकी ताठ, की मान वळवताना खांदेही वळवावे लागत होते.

त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं टेबल मिळालं. खिडकीपाशी तीन टेबलं रिकामी होती. त्यांवर ‘राखीव’ असे छोटे फलक होते. दोघं जेवून निघेपर्यंत तिथे कोणी आलं नाही.

बसल्याबसल्या मास्तरांनी टेबलक्लॉथवरून तळहात फिरवला. बाईने काठ उलटून पाहिला. “हा माझा टाका,” ती हळूच म्हणाली. तेवढा वेळ बरा गेला.

मग मेनू आला. बाईने तो उजवीकडून वाचायला घेतला. आधी किमती.

“अहो, हे पाणी आहे ना?”

“पाणीच आहे.”

“मग एवढं?”

“डोंगरातलं असेल.”

“एवढ्यात डोंगरही देतील की!”

मास्तर हसले नाहीत. त्यांना पदार्थांची नावं कळत नव्हती. ते हे सगळं दुसऱ्या बाजूने ओळखत होते. पंचवीस मिनिटांनी वेटर आला. त्याचं लक्ष दाराकडे होतं.

“ते हिरवं द्या,” मास्तर म्हणाले. “तेलकट असतं बघा. कडेने पिवळं पसरतं. गरम पाणी लागलं की पक्कं बसतं.”

वेटरने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. “पेस्तो?”

“असेल. आणि हिच्यासाठी ते काळं.”

“ते फक्त गुरुवारी असतं, सर.”

“हो, शुक्रवारच्या गाठोड्यात येतं, माहीत आहे की,” मास्तर म्हणाले, आणि खरंच वरमले. “मग लाल द्या. आणि हे पाणी.”

लाल आधी आलं. हिरवं बारा मिनिटांनी. तोवर बाई हात मांडीवर ठेवून बसली होती, कारण एकट्याने सुरू करायचं नाही. ताट परातीएवढं होतं आणि त्याच्या मधोमध मूठभर शेवया. कडेच्या गार झाल्या होत्या. बाईने चमचा मागितला. “आणतो,” असं वेटर तीनदा म्हणाला. चमचा आला नाही. ती काट्याने जमेल तसं खात राहिली. मास्तर आपलं ताट सोडून तिचं तोंड बघत होते. ती चावत होती. काही बोलत नव्हती. मीठ कमी आहे, एवढं म्हणाली असती तरी त्यांना चाललं असतं.

“पाव घे,” ते म्हणाले.

“त्याचेही पैसे आहेत.”

मग ते झालं. शेजारच्या टेबलासाठी निघालेला वेटर ताटं घेऊन त्यांच्या टेबलाशी थांबला, आणि बाईच्या उजव्या खांद्यावरून हात घालून रिकामा ग्लास उचलू लागला. दुसऱ्या हातातलं ताट कललं. लाल रस सांडला. बाईच्या उजव्या हाताशी, तळहाताएवढा. वेटरने पावाची टोपली उचलली, डागावर ठेवली आणि पुढे गेला. शेजारच्या टेबलावरही तो उजव्या खांद्यावरूनच वाकला. तिथेही थोडं सांडलं. त्याने पाहिलंही नाही. जेवणारे गृहस्थ फोनवर बोलत होते. त्यांनी अजून घासही घेतला नव्हता.

मास्तर ती जागा बघत राहिले. ती त्यांच्या ओळखीची होती.

“म्हणजे खाणारे सांडत नव्हते,” बाई म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिलाही तेव्हाच दिसलं होतं.

मास्तर उठले. टोपली बाजूला केली. नॅपकिन त्या महागड्या पाण्यात बुडवला, टेबलक्लॉथ उचलला आणि खालच्या बाजूने डाग टिपू लागले. वरून चोळला की डाग आत जातो. वेटर धावत आला. एवढ्या लवकर तो पहिल्यांदाच आला होता.

“राहू द्या, सर! बसा तुम्ही. त्यासाठी आमचा माणूस आहे.”

बाईला हसू फुटलं. तिने नॅपकिन तोंडाला लावला, तरी खांदे हलत होते. मास्तर बसले. कॉलर वाकडी झाली होती.

बिल मात्र लगेच आलं. बाईने तेही उजवीकडून वाचलं.

“हे सेवा शुल्क कसलं?”

“सर्व्हिसचं, मॅडम.”

“ती कधी झाली?”

मास्तरांनी पैसे मोजून ठेवले. घासाघीस केली नाही. मॅनेजर दारापर्यंत आला. त्याने सवयीने विचारलं, “कसं वाटलं आमच्याकडे?”

मास्तरांनी बाईकडे पाहिलं. आता ती काय बोलणार हे त्यांना माहीत होतं, आणि तिने ते बोलू नये असंही वाटत होतं. बाईने थोडा विचार केला.

“टेबलक्लॉथ छान होता,” ती म्हणाली.

मॅनेजर हसला. त्याला ती थट्टा वाटली.

घरी आल्यावर बाईने भात टाकला.

मंगळवारी गाठोडी आली. मास्तरांनी ती नेहमीसारखी सोडली आणि कापडं रंगाप्रमाणे वेगळी केली. एरवी या वेळी त्यांची बडबड सुरू व्हायची. आज नळाचा तेवढा आवाज होता. मशीन थांबलं. बाई आपणहून असं कधी विचारत नसे.

“अहो, काय सांडलंय आज?”

मास्तरांनी एक टेबलक्लॉथ उजेडात धरला. काठावर तिचा टाका होता. उजव्या बाजूला, तळहाताएवढा, कडेने फिकट झालेला लाल.

“वेटर,” ते म्हणाले, आणि कापड थंड पाण्याखाली धरलं.