जाळीचा पहिला हट्ट

माझी आत्या कुणाच्या बापाला भीत नव्हती, आणि हे मी नुसतं कौतुकानं सांगत नाहीये. तिच्याबरोबर एका घरात राहून बघा. दूधवाल्यापासून माझ्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांशी तिचं एकदा तरी वाजलेलं. मला बस चालवायची होती तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. "ती स्टिअरिंग धरणार आहे, तुमची मानगूट नाही," आत्या म्हणाली आणि माझ्या अर्जावर शिफारशीची सही ठोकून मोकळी झाली.

गाड्यांच्या धडकांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं कारागीर होती. काम एकच, जाळी बनवायची. अ‍ॅल्युमिनियमचा कागदासारखा पातळ पत्रा घ्यायचा, आखलेल्या पट्ट्यांवर गोंद लावून शेकडो थर एकमेकांना चिकटवायचे आणि मग गठ्ठा दोन्हीकडून ओढायचा. ओढला की मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं उघडतात. त्या जाळीचा विटेएवढा ठोकळा बसमध्ये ड्रायव्हरच्या गुडघ्यांसमोर, पत्र्यामागे बसतो. धडक झाली की जाळी घड्या पडत पडत दबते आणि धडकेचा जोर स्वतः खाते.

पण आत्याच्या हातून ठोकळा नुसता तसाच सुटायचा नाही. शेवटी ती तो प्रेसमध्ये, म्हणजे दाबयंत्रात धरून त्याची पुढची कड नखभर चेपायची. मी लहानपणी विचारलं होतं, नवी वस्तू कशाला खराब करतेस?

"पहिली घडी पडेपर्यंत पत्रा हट्ट करतो गं," ती म्हणाली. "एकदा पडली की पुढच्या मुकाट पडतात. आणि जोरात आपटलं तर हट्ट आणखी वाढतो. घडी पडायला वेळ नाही, आतली हवा कोंडलेली. तो पहिला हट्ट मी इथंच मोडते. नाहीतर माणसाच्या हाडांवर मोडतो."

तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना नवे साहेब आले. चारशे नव्या बसचं काम होतं, चाचणी बघायला बस विकत घेणारे पाहुणे येणार होते. चेपलेली कड बघून साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी एक न चेपलेला ठोकळा प्रेसमध्ये हळू दाबून पाहिला.

"हा सुरुवातीला जास्त भार घेतो, बाई. म्हणजे जास्त मजबूत. हाच लावायचा."

"मजबूत भिंत असते, साहेब. भिंतीवर आपटायला जाळी कशाला हवी?"

साहेबांनी तयार करणाऱ्याच्या सहीचा कागद पुढे केला. आत्यानं पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

"सही नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू. आज चाचणी बघून जाईन."

तोवर मी बस चालवायला लागले होते; ड्रायव्हरांच्या संघटनेनं साक्षीदार म्हणून मला पाठवलं होतं. काचेमागे मी, पाहुणे आणि साहेब. आत्या एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी. साहेबांचा न चेपलेला ठोकळा लावलेली, ड्रायव्हरच्या खुर्चीत पुतळा बसवलेली चाचणीची गाडी हवेच्या दाबानं रुळावरून ताशी साठ किलोमीटरनं सुटली. ती समोरच्या भिंतीवर आपटल्याचा आवाज झाला तेव्हा माझे गुडघे आपोआप मागे गेले. पडद्यावरची भाराची रेघ उंच सुळका करून वर गेली, हाडं सोसतील तिथवरच्या लाल खुणेच्या पार वर. खुर्चीतल्या पुतळ्याचं मांडीचं हाड मोडलं होतं. त्या खुर्चीत मी बसणार होते. मला संताप आला.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "सेन्सर बिघडलेला दिसतोय."

आत्यानं पिशवीतून स्वतःचा ठोकळा काढला आणि पाहुण्यांच्या चहाच्या कपांच्या मधोमध ठेवला.

"पुतळ्याचं हाड बदला. आता माझा लावा. सेन्सर मात्र तोच ठेवा."

"बाई, तुम्ही मर्यादा सोडताय!"

"चारशे जणांचे पाय आहेत साहेब, मर्यादा घेऊन काय चाटू?"

मग मीच म्हणाले, "माझ्या साक्षीशिवाय अहवाल पुढे जात नाही ना? आत्याचा ठोकळा लावल्याशिवाय मी सही करणार नाही." घराण्याचं वळण, दुसरं काय!

साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ म्हणाले, "लावा."

तीन तासांनी गाडी पुन्हा सुटली. तोच वेग, तोच सेन्सर. या वेळी रेघ थोडी वर गेली आणि लाल खुणेच्या खूप खाली सरळ चालत राहिली. जाळी एकसारख्या चुण्या पडून बसली होती. पुतळा धड होता. आत्यानं तो दबलेला ठोकळा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि साहेबांच्या टेबलावर त्यांच्या कागदावर नेऊन ठेवला. कागदावर सहीची जागा अजून कोरीच होती.

तिला काढलं नाही, पण उद्धटपणाची नोटीस दिली. "मिळाली" म्हणून खाली सही हवी होती, तीही तिनं केली नाही. साहेब दोन वर्षं ती नोटीस फायलीत घेऊन हिंडले. चारशे ठोकळे मात्र कड चेपूनच गेले.

मला त्यातलीच एक बस मिळाली. पहिल्या दिवशी मेकॅनिकला सांगून मी गुडघ्यांसमोरचा पत्रा उघडवला. ठोकळ्याच्या बाजूवर, चेपलेल्या कडेच्या खाली, काळ्या मार्करनं ठळक काहीतरी लिहिलं होतं. माझ्या अर्जावर होती तीच, तशीच तिरकी, आत्याची सही.