वंशवृक्षात नसलेले ग्रॅमकाका

आमच्या घरात ग्रॅमकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. वडिलांचे धाकटे भाऊ, वय सदुसष्ट, लग्न नाही, धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. त्यांच्यासमोर तुम्ही सहज म्हणालात की अर्धा किलो टोमॅटो आणले, तर ते पिशवी हातात घेतात, जराशी खालीवर करतात आणि शांतपणे सांगतात, चारशे साठ. मग ते खरंच चारशे साठ भरतात आणि तुमची संध्याकाळ नासते. कोणाला खजील करायचा त्यांचा हेतू नसतो. त्यांना वाटतं, तुम्हाला माहिती हवी असेल.

त्यांचं दुकान म्हणजे आमच्या घराखालची, रस्त्याकडे उघडणारी खोली. भिंतीला ओळीने स्प्रिंगचे काटे टांगलेले, टेबलावर पोट उघडून ठेवलेला इलेक्ट्रॉनिक काटा, कोपऱ्यात पोती तोलायचा जुना लोखंडी काटा आणि काचेच्या कपाटात उंचीप्रमाणे लावलेली पितळी वजनं. वजनाला उघडं बोट लावायचं नाही, कापडाने धरायचं, हा तिथला नियम. सकाळी आठला दुकान, साडेबाराला जेवण. जेवण म्हणजे भात, उकडलेला बटाटा आणि दूध, गेली पन्नास वर्षं. ताटात भात बटाट्याला चिकटला तर काका ताट हळूच बाजूला सरकवतात आणि त्या दिवशी नुसतं दूध पितात. लग्नाच्या जेवणालाही ते स्वतःचा डबा नेतात आणि आम्ही सगळे तो डबा दिसत नसल्याचं नाटक करतो. आमच्याकडे याला काकांचा स्वभाव म्हणतात. स्वभाव हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्याखाली वाटेल ते झाकता येतं.

माझा भाऊ म्हणजे दादा, त्याची मुलगी टिकली सहा वर्षांची आहे. तिला ऑटिझम असल्याचं डॉक्टरांनी गेल्या वर्षी तपासून सांगितलं. टिकली मोजकं बोलते आणि मोजकं खाते: पाव, दूध, उकडलेला बटाटा, केळं आणि चौकोनी बिस्कीट. गोल बिस्कीट नाही. रोज संध्याकाळी ती खाली जाऊन त्या लोखंडी काट्यावर मांडी घालून बसते. काका दांडीवरचं वजन पुढेमागे सरकवतात, दांडी हलायची थांबेपर्यंत दोघंही श्वास रोखून बघतात, मग काका आकडा सांगतात आणि टिकली तो परत म्हणते. आमच्या घरात एकमेकांना न तोडता होणारं संभाषण एवढंच.

आता, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण लागतं आणि ते समोरच्याच्या घरात सापडावं लागतं. टिकलीचं निदान झालं त्या आठवड्यात आईने जाहीर केलं की आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. वहिनीच्या आईने फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे आठ पिढ्यांत नाही. दोघींपैकी एकीलाही आपल्या पणजीचं नाव सांगता आलं नसतं. दोन महिने दोन्ही विहिणी एकमेकींच्या रक्तावर घसरत होत्या. मग वहिनीच्या आईला फोनवर एक व्हिडिओ सापडला आणि अचानक तह झाला. दोष रक्तात नव्हताच. दोष होता आतड्यात.

व्हिडिओतल्या बाईंना मी आतडेबाई म्हणते. त्या पूर्वी लोकांची घरं सजवून द्यायच्या. मग त्यांनी तीन आठवड्यांचा कसलातरी कोर्स केला आणि लोकांची आतडी सजवायला घेतली. गहू आणि दूध आतड्याला भोकं पाडतात, त्या भोकांतून विष मेंदूत चढतं, भोकं बुजवली की मूल बोलायला लागतं, अशी त्यांची मांडणी. भिंतीला ओल आल्यावर गवंडी बोलतो तसं त्या बोलायच्या. आमच्या फ्रिजवर यादी लागली. पाव गेला, बिस्कीट गेलं, दूध गेलं. साखर असते म्हणून केळं गेलं आणि पिष्ट असतं म्हणून बटाटाही गेला. त्या जागी भोपळ्याच्या बियांची हिरवी लापशी, हाडांचं सूप आणि आंबवलेल्या कोबीचं पाणी आलं. कोबीच्या पाण्याचा वास जिन्यापर्यंत यायचा. टिकलीने हे सगळं न चाखता, नुसतं बघूनच बाद केलं.

वहिनीला मात्र मला हसता येत नाही. टिकलीचं पोट खरंच दुखायचं. चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही, ती टेबलाच्या कोपऱ्यावर पोट दाबून उभी राहायची आणि रडायची. बोलून सांगता न येणाऱ्या मुलीचं ते रडणं ऐकल्यावर कोणीही कोबीचं पाणी करेल. मी आतडेबाईंवर चिडते, आईवर चिडते, वहिनीच्या आईवर तर कायमच चिडलेली असते. वहिनीवर चिडायला मन होत नाही.

तीन आठवड्यांनी घरात सुधारणा दिसू लागली. टिकली शांत झाली, असं सगळे म्हणायला लागले. उपाशी मूल शांतच असतं, हे म्हणायची हिंमत मी केली नाही. खालून काका एकदा वर आले आणि दारातच उभं राहून म्हणाले की टिकली नऊशे ग्रॅमने उतरली आहे. आई म्हणाली, "भावजी, तुम्ही तुमचे काटे बघा." काका काटे बघायला खाली गेले. त्यांना तो शब्दशः सल्ला वाटला असणार.

अशात एका मोठ्या दवाखान्यातली वेळ मिळाली. चार महिने आधी नंबर लावला होता. तिथल्या डॉक्टरबाई मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघतात, पोटाचं बघतात आणि आनुवंशिकतेचाही विचार करतात. येण्याआधी भरून आणायचा फॉर्म त्यांनी पाठवला. टिकलीच्या आधीच्या तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा: पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ. प्रत्येकापुढे लिहायचं की उशिरा बोललेले, फार मोजकं खाणारे, एकाच गोष्टीत गढून राहणारे, माणसांत न मिसळणारे असे कोणी आहेत का.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती दोन्ही बाजू बसल्या. लिहायला मी, कारण माझं अक्षर चांगलं. मी दाताच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. दिवसातून किती वेळा गोड खाता, या प्रश्नाला लोक काय उत्तरं देतात हे वीस वर्षं ऐकते आहे. पण त्या दुपारी जे झालं तसं मी आमच्या दवाखान्यातही पाहिलेलं नाही. वहिनीचे एक मामा शहरातल्या सगळ्या बसची वेळापत्रकं तोंडपाठ म्हणायचे आणि कोणाच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. त्यांच्यापुढे वहिनीच्या आईने लिहायला लावलं: अत्यंत हुशार. माझे आजोबा पाच वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. आईने सांगितलं, घाल, मितभाषी. वहिनीची एक आत्या पंचवीस वर्षं रोज तीच निळी साडी नेसली. ती साधी राहणी झाली. दादा मधेच म्हणाला की डॉक्टरांना खरं सांगायला हवं, तर त्याला चहा ठेवायला पाठवलं. कोबीच्या पाण्याचाही उल्लेख करायचा नाही असं ठरलं, कारण डॉक्टर लोकांना आहारातलं कळत नाही.

वडिलांच्या ओळीत मी वडिलांचा चौकोन काढला आणि शेजारी दुसरा काढायला घेतला. आई म्हणाली, "भावजींना कशाला? त्यांना कुठे मूलबाळ आहे. त्यांचं त्यांच्यापाशीच संपलं." आनुवंशिकता माझ्या आईपुरती तिथेच मिटली. मी काढलेली अर्धी रेघ खोडरबरने पुसली. खाली काका कोणाचातरी काटा ठोकत होते, तो आवाज टेबलापर्यंत येत होता. मी पुसली, हे मला कोणावर ढकलता येणार नाही.

दवाखान्यात जायच्या दिवशी टिकली गाडीत बसेना. काका गाडीत बसले तेव्हा बसली. काकांजवळ कामाची पिशवी होती, तिथून त्यांना पुढे एका दुकानात काटा तपासायला जायचं होतं. आईने त्यांना बजावलं की आत बोलायचं नाही. काका म्हणाले, बरं.

दवाखाना चकाचक. भिंतींवर हसणारे प्राणी, कोपऱ्यात मऊ चटई, सगळं मुलांसाठी आणि बसायच्या खुर्च्या मोठ्यांना शिक्षा म्हणून. नर्सने टिकलीला काट्यावर उभं केलं. साडेअठरा किलो. डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं, वंशवृक्षावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या की घराणं बरंच निरोगी दिसतंय. दोन्ही विहिणी एकाच वेळी सावरून बसल्या. वजन बेताचं आहे, पण आधीपासून अशीच बारीक आहे का, असं त्यांनी विचारलं. वहिनीच्या आईने वहिनीच्या आधी हो म्हटलं. मग पोटदुखीसाठी एक औषध लिहायला त्यांनी पेन उचललं आणि पुन्हा सहा महिन्यांनी या म्हणाल्या.

सहा महिने. मी टिकलीच्या काटकुळ्या मनगटाकडे बघत होते. तरीही बोलले नाही. आयुष्यभर आईसमोर न बोलण्याची सवय अशा वेळी फार कामाला येते.

काकांनी पिशवी उघडली. कापडात गुंडाळलेलं पाच किलोचं वजन काढलं, वाकून नर्सच्या काट्यावर ठेवलं आणि उभे राहिले. आकडा आला पाच किलो चारशे. नर्स म्हणाली, अहो, हे काय करताय. काकांनी वजन उचललं, काट्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवलं. पुन्हा पाच चारशे. काट्याच्या पाठीमागे तपासणीची तारीख होती, ती दोन वर्षांपूर्वीच उलटली होती.

"हा काटा खोटं बोलतोय," काका डॉक्टरबाईंना म्हणाले. "किलोमागे ऐंशी ग्रॅम जास्त. मुलगी सतरा किलो शंभर आहे. दोन महिन्यांपूर्वी एकोणीस होती."

आईने त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण काकांना नजरा कळत नाहीत, आणि मला पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. दोन महिन्यांत काय बदललं, असं त्यांनी विचारलं. काकांनी फ्रिजवरची यादी वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवली, कोबीच्या पाण्यासकट, तारखांसह. खोलीत कोणीच कोणाकडे बघेना.

"यादी करणाऱ्यांनी मी बाकीचं का नाही खात ते मला विचारायचं होतं," काका पुढे म्हणाले. "मीपण पाचच वस्तू खायचो. आता तीन खातो. भाताला बटाटा लागला की तोंडात माती गेल्यासारखं होतं. ती हट्टी नाही. तिला खरंच जात नाही."

डॉक्टरबाईंनी वंशवृक्षाचा कागद पुन्हा उचलला, नीट बघितला आणि विचारलं, "तुम्ही हिचे कोण?"

"काकाआजोबा."

"यात तुम्ही कुठे आहात?"

काकांनी कागद हातात घेऊन सगळे चौकोन वाचले. "यात मी नाही," त्यांनी सांगितलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी दोन्ही विहिणींना जे ऐकवलं ते फार गोड आवाजात ऐकवलं, म्हणून जास्त झोंबलं. पोट आणि मेंदू यांचं काही नातं असावं, त्यावर अभ्यास चालू आहेत, पण कशामुळे काय होतं हे अजून ठरलेलं नाही. मूल मोजकंच खातं म्हणूनही आतड्यातले जंतू वेगळे दिसू शकतात. गहू-दूध बंद करून ऑटिझम जातो असा भक्कम पुरावा नाही. जनुकांचा वाटा मोठा असतो, पण ती बहुतेक वेळा पुष्कळ असतात, दोन्हीकडून येतात आणि त्यात कोणाचा गुन्हा नसतो. बद्धकोष्ठ मात्र खरं आहे, त्याला औषध आहे, ते आजपासून द्यायचं. पाव, दूध, बटाटा, केळं, बिस्कीट आजच परत सुरू करायचं, नवीन पदार्थ मग सावकाश, एकेक. आणि सहा महिन्यांनी नाही, पुढच्या सोमवारी यायचं. वहिनी रडायला लागली. तिच्या आईने आतडेबाईंचं नाव काढायला तोंड उघडलं आणि आश्चर्य म्हणजे माझ्या आईनेच त्यांचा हात दाबून त्यांना गप्प केलं.

बाहेर बाकावर काकांनी पिशवीतून चौकोनी बिस्किटांचा पुडा काढला. टिकलीने एकामागून एक चार खाल्ली, दोन्ही हातांनी धरून, कडेने सुरुवात करून. पाचवं तिने काकांच्या गुडघ्यावर ठेवलं. काका बिस्कीट खात नाहीत. त्यांनी ते कापडात गुंडाळून वजनाशेजारी ठेवलं.

मग ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, "तो फॉर्म कोणी भरला?"

"मी," मी म्हटलं.

"अक्षर चांगलं आहे तुझं," काका म्हणाले.

काकांना टोमणा मारता येत नाही, सदुसष्ट वर्षांत एकदाही जमलेला नाही. त्यांना खरंच माझं अक्षर आवडलं होतं. मी उठून आत गेले आणि नर्सकडे एक कोरा फॉर्म मागितला.