मिस्त्रींच्या खांबावरची खूण

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. गाडी जॅकवर चढली की मालकाला बसायला आम्ही एक जुना टायर देतो, आणि टायरवर बसलेला माणूस गप्प राहिलाय असं मी अजून पाहिलेलं नाही!

भिवंडीहून पडघ्याकडे जाताना हायवेला लागून आमची दोन शटरं आहेत. एक माझं, टायरचं. शेजारचं दत्ताराम मिस्त्रींचं, कमानपाट्यांचं. म्हणजे गाडीचं वजन ज्या पोलादी पट्ट्यांवर बसतं, त्यांचं. जुनी पिकअप उंच करायची, मोठे टायर चढवायचे म्हटलं की लोक लांबून आमच्याकडेच येतात. फुशारकी वाटेल. वाटू दे, फुशारकीच आहे!

*

मिस्त्रींचा एक नियम आहे. रिकामी गाडी ते मोजतच नाहीत. "रोजचा माल भरून आण," म्हणतात. गाडी भरून आली की दारातल्या खांबाला लावतात आणि तिची उंची खडूने खांबावर मारतात. मगच किती चढवायची ते ठरतं.

एकदा एक बॅन्जो पार्टीवाला आला. हळदीच्या सीझनमध्ये त्याची पिकअप प्रत्येक स्पीडब्रेकरला बुड घासायची. मिस्त्रींनी नियम सांगितला. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या स्पीकर, जनरेटर, ढोल-ताशे आणि अकरा वाजवणारे भरून हजर! हायवेवरचे लोक गाड्या थांबवून बघायला लागले. तो बिचारा ओशाळला, म्हणाला, "मिस्त्री, पोरांना उतरवू का?"

मिस्त्री खडू घेऊन गाडीखाली वाकले होते. तिथूनच ओरडले, "उतरवतोस काय? वाजवायला सांग! वाजवताना किती हलते ते कोण बघणार?"

*

आता माझी फजिती. पडघ्याकडचा एक वीटभट्टीवाला आला. मिस्त्री नेमके साखरपुड्याला गेलेले. भट्टीवाल्याला मोठ्यात मोठे टायर हवे होते, आणि मोठे टायर म्हटलं की माझा हात थांबत नाही. चढवले. गाडी काय दिसत होती! मीच चार फोटो काढले.

दोन तासांनी फोन. "शेठ, गाडी उजवीकडं वळतच न्हाय! टायर मडगार्डला घासतोय."

"आहात कुठं?"

"धामणकर नाक्याला."

"मग परत या ना."

"येतोय ना! डावीकडं, डावीकडं वळत येतोय!"

अख्खी भिवंडी फिरून माणूस संध्याकाळी पोचला. मिस्त्री तोवर परतले होते. मला म्हणाले, "टायर पसंत करताना गाडी उभी बघायची नसते, वळताना बघायची असते." तेव्हापासून भरलेल्या गाडीचं स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण मारून बघितल्याशिवाय मी टायर विकत नाही.

*

टायर एक नंबर जरी मोठा झाला तरी चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने कमी किलोमीटर दाखवतो. हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. एका भाजीवाल्याला सांगायचं राहिलं. तो पेढ्यांचा पुडा घेऊनच आला!

"काय टायर दिलेत शेठ! नाशिक जवळ आलं!"

*

कापडाच्या एका गोदामवाल्याची पिकअप आम्ही दोन इंच उचलली. मालक खूश. आठवड्याने त्याच्याकडचे दोन हमाल चालत गॅरेजवर आले. त्यातला वयस्कर हमाल हात जोडून म्हणाला, "मिस्त्री, गाडी आपने एक बार उठाई. हम रोज उठा रहे हैं!"

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात गेले आणि दुपारपर्यंत त्या हमालांच्या बरोबरीने गठ्ठे गाडीत चढवत राहिले. आले ते खांद्याला बाम चोळतच. गाडी बोलावली आणि एक पाटा काढून टाकला. मालक चिडला. मिस्त्री म्हणाले, "गाडी तुमची, पण चढ त्यांचा."

असा माणूस शेजारी मिळाला, हे माझं नशीब.

*

विष्णू वज्रेश्वरीच्या अलीकडच्या पाड्यावरचा. पिकअप त्याच्या वडिलांनी घेतलेली, पार जुनी. त्याच्या आईचे गुडघे धरलेले. दर मंगळवारी तो तिला वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचा. पण पाडा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये दगडधोंड्यांचा नाला. बस तिथे येत नाही, रिक्षावाला चाक घालत नाही आणि पिकअपचं पोट दगडांना अडकायला लागलेलं. दोनदा त्याने आईला पाठीवर घेऊन नाला ओलांडला. मग आईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता." तीन आठवडे ती घराबाहेर पडली नव्हती.

"चार इंच करा मिस्त्री," विष्णू म्हणाला. "मोठ्यात मोठे टायर टाका."

"रोजचा माल कुठाय?"

"माल न्हाय. आई हाय."

"मग आईला आण."

दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्याला ठेवून, आईला पाठीवरून नाला पार करून त्याने आणलं. मिस्त्रींनी म्हातारीला खांबाशी उभं केलं. "आई, पाय उचला. उचलेल तेवढाच." तिने खांब धरला, दात आवळले आणि पाय उचलला. मिस्त्रींनी तळव्याखाली खडूची रेघ मारली. जेमतेम वीतभर. चार इंच चढवलेल्या गाडीत ती कशी बसणार? विष्णूचा चेहरा पडला.

मिस्त्री गाडीखाली गेले. जुने पाटे बसून पार सपाट झाले होते. "आधी गाडीला तिची स्वतःची उंची परत देऊ," ते म्हणाले. "वरची मग मागू." नवे पाटे घातले, त्यावर दोनच इंच, आणि टायर एकच नंबर मोठा. मी या वेळी तोंड मिटून होतो! काढलेल्या पाट्यांची मिस्त्रींनी दुमडता येणारी शिडी केली आणि दाराखाली लावली. एकेक पायरी त्या रेघेएवढीच.

विष्णू हात द्यायला गेला, तर आईने झटकला. "सोड रं, चढते मी!" चढली. सीटवर बसली, पदर सारखा केला आणि खणखणीत हॉर्न वाजवला. सगळ्या गॅरेजने टाळ्या वाजवल्या. मिस्त्री पाना शोधायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला तर आमच्या दोन शटरांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

अडीच-तीन महिन्यांनी तीच पिकअप दारात उभी. म्हातारी एकटीच शिडीवरून उतरली आणि कुणाशी न बोलता सरळ खांबाशी गेली. एक हात खांबाला लावला आणि पाय उचलला. रेघेच्या वर चांगली चार बोटं!

"मिस्त्री, ही खूण पुसा," ती म्हणाली. "माज्या पोराच्या मनात चार इंच होतं ना? करून टाका!"