पन्नास मेगापिक्सलचे दाणे

मेमरी कार्ड भरलं की आम्ही ते रिकामं करतो. किस्से रिकामे करायची सोय नाही, ते साचतच जातात. महाल भागातल्या आमच्या स्टुडिओत आम्ही तिघं: मालक प्रमोदभाऊ, फोटो साफ करणारा सावनेरचा राहुल आणि मी. भांडण एकच. कॅमेऱ्याची सेटिंग पन्नास मेगापिक्सलवर ठेवायची, की बारावर?

"पन्नासचा कॅमेरा घेतला न गा, मग बारावर काहून चालवू?" इति भाऊ.

"भाऊ, गाडीला पाच गिअर असतात. रामटेकचा घाट पाचव्यात चढता का?" मी विचारलं.

"मी बसनं जातो!"

*

गोरज मुहूर्ताचं लग्न. मंडपात उजेड जेमतेम आणि भाऊ पन्नासवर! नवरदेवाच्या मामांनी स्क्रीनवर दोन बोटांनी चेहरा मोठा केला. गालभर रंगीत दाणे.

"पोराले घामोळ्या आल्या काय गा?"

*

मग मी चिडूनच समजावलं. कमी उजेडात पन्नासवर एकेका बारीक बिंदूच्या वाट्याला चिमूटभरच उजेड येतो, म्हणून दाणे. बारावर चार शेजारी बिंदू आपापला उजेड एकत्र करतात. फोटो स्वच्छ येतो, बारकावे थोडे जातात.

"म्हणजे एकत्र कुटुंब," राहुल म्हणाला. "घर शांत, पण कोण काय बोललं ते समजत नाही!"

भाऊ पोट धरून हसले. सेटिंग तीच!

*

पारशिवनीजवळच्या एका गावातल्या अंजनाबाई. "माह्या मागं भिंतीवर लावाले" म्हणून त्यांनी स्वतःच आम्हाला फोटो काढायला बोलावलं. खोलीत एकच झरोका. "आजीची सुरकुती न् सुरकुती आली पाहिजे," म्हणत भाऊंनी पन्नासवर काढला. दाणेच दाणे! राहुलनं सॉफ्टवेअरनं सगळे पुसले. चेहरा काचेसारखा गुळगुळीत झाला. फ्रेम घेऊन आम्ही गावात गेलो.

अंजनाबाई फोटोकडे पाहतच राहिल्या.

"हे कोण व्हय गा?"

"तुम्हीच, आजी."

"मंग माह्यं गोंदण कुठं गेलं?"

कपाळावरचे, हनुवटीवरचे हिरवट ठिपके. दाण्यांसोबत तेही पुसले गेले होते.

"सोनं इथंच राह्यते, बाप्पा. मेल्यावर गोंदणच तेवढं संग येते. थेच पुसलं तुम्ही! आता मले वळखतीन कशानं?"

भाऊंनी कॅमेरा काढला, सेटिंग बारावर आणली आणि अंजनाबाईंना झरोक्यासमोर बसवलं.

"आजी, इकडं पाहा."

"मी काहून पाहू? तूच पाह्य नीट."